शांत असतो तेव्हा

११ जानेवारी

वहिनी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला ठेवशील अशी भीती आहे, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते: दादाने मला लिहायला सांगितलेलं नाही. त्याला कळलं तर तो घर डोक्यावर घेईल. पत्ता तुझ्या भावाकडून मिळवला. त्याने फोनवर सांगितला, मी लिहून घेतला, आणि 'ठेवतो' म्हणून त्याने फोन ठेवला. माझी चौकशी केली नाही. बरोबरच आहे म्हणा.

दादा आजारी आहे. तू गेल्यावर मी दर रविवारी हॉस्टेलवरून त्याच्याकडे जायचे, स्वयंपाक करून ठेवायचे, आणि मला वाटायचं हा तुझ्या जाण्यानेच खंगतोय. डिसेंबरात एकदा गेले तर बाहेर हाडं गोठतील अशी थंडी आणि हा सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून बनियनवर बसलेला, घामाघूम. तिघांचं जेवण एकटा जेवतो आणि तरी अंगातला शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. डोळे वटारलेले. कप बशीवर ठेवायचा तर नुसता खडखडाट. कारखान्यात त्याला टूलरूममधून काढून गोदामात बसवलंय, हे मला तेव्हा कळलं. ज्या हाताने कधी एका सुताचा फरक पडू दिला नाही, त्याला आता साधा स्क्रू बसवता येईना. मी मनगट धरलं. बसल्या जागी नाडी जिना चढून आल्यासारखी पळत होती.

आमच्या वॉर्डाच्या मोठ्या मॅडमना दाखवलं. रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी बेफाम सुटलीय, गरजेच्या कितीतरी पट काम करतेय. मॅडमनी मला विचारलं, "घरी चिडतात का?" मी म्हटलं, मॅडम, राग तर नाकावरच असतो. तर त्या म्हणाल्या, "चिडणं, एकदम रडू फुटणं, झोप न लागणं, सगळं ह्यातच येतं. घरच्यांना वाटतं माणूस बिघडला."

हे ऐकलं आणि तू डोळ्यांसमोर आलीस. भरलं ताट भिंतीवर फेकलं तो दिवस. भिंतीवरून आमटी ओघळत होती आणि तू आत जाऊन बॅग भरत होतीस. वहिनी, ते करणारा दादा नव्हता. ती ग्रंथी होती.

मी हॉस्टेल सोडून त्याच्याकडे राहायला आलेय. मेट्रनबाईंनी काही महिन्यांसाठी अर्धी ड्यूटी दिलीय. तुझ्या खोलीत झोपत नाही, बाहेरच्या पलंगावर झोपते. तू मला 'सिस्टर' म्हणायचीस, नवऱ्याची बहीण आणि वर नर्स, दोन्हीकडून पक्की, म्हणून हसायचीस. वॉर्डात दिवसभर सगळे तेच म्हणतात, पण ते टोपी बघून.

ये असं म्हणत नाही. तुला कळावं एवढंच.

सिस्टर


२ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं उत्तर नाही आलं. टपालाचा काही भरवसा नसतो, म्हणून पुन्हा लिहितेय.

दोन गोळ्या सुरू आहेत. एक ग्रंथीला लगाम घालायची, एक छातीतली धडधड उतरवायची. दुसरी देण्याआधी नाडी मोजायची, फार कमी भरली तर ती गोळी थांबवायची असते. सध्या तरी ती वेळ येत नाही. डोळे पूर्ण मिटत नाहीत म्हणून थेंब घालते, झोपताना मलम, उशाला दोन उशा. उजेड सोसत नाही, म्हणून काळा चष्मा आणला. "सिनेमातला खलनायक दिसतोस," म्हटलं, तर चक्क हसला. पहिल्या दिवसापासून एक गोष्ट त्याला घोकून घोकून सांगितलीय: घसा दुखला किंवा ताप आला तर लगेच मला सांगायचं. ती गोळी लाखातून एखाद्याच्या नाही, पण शेकड्यांतून एखाद्याच्या रक्तावर उलटते. "कितीदा सांगशील," म्हणतो. मी म्हणते, वॉर्डात प्रत्येकाला एवढंच सांगते.

खायला सारखं लागतं. अंडी, दूध, उकडलेले बटाटे, मध्येच ब्रेड. मी एक भांडं घासून ठेवते तोवर दुसरं पडतं. घरात आवाज नको, पाहुणे नकोत, वाद नको, असं मॅडमनी सांगितलंय. पाहुणे तसेही येत नाहीत. तू होतीस तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बायका येऊन बसायच्या, आता जिन्यात भेटल्या तरी 'काय, बरंय का' म्हणत पायऱ्या उतरत राहतात. दुपारी दादा डोळे झाकून पडतो आणि मी खुर्चीवर बसते. पंख्याचा आवाज येतो. एवढ्या थंडीत पंखा! मी शाल गुंडाळून बसते.

परवा सूप जास्त गरम होतं. त्यात चूक माझीच. नंतर तो लहान मुलासारखा रडला, म्हणाला, "मला कळत नाही गं माझं काय होतं." अशा वेळी त्याच्याकडे बघवत नाही. वॉर्डात दुसऱ्याच्या भावाला मी सहज सांगते, 'मनावर घेऊ नका, औषधाला वेळ लागतो.' स्वतःला सांगायला जरा कष्ट पडतात.

अक्षर वाकडं आलंय, माफ कर. उजवं मनगट सुजलंय. कपाटाचं दार लागलं.

सिस्टर


९ मार्च

वहिनी,

हे हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहितेय.

मंगळवारी सकाळी मी चहा ठेवला होता. न्हाणीघरात नळ सुरू होता आणि त्या आवाजाआड दुसरा एक आवाज. कोणीतरी गुळण्या करत होतं. 'कोणीतरी' काय, घरात आम्ही दोघंच. गॅस बंद केला आणि दारावर थाप मारली.

"दादा, घसा दुखतोय?"

"नाही."

"मग गुळण्या कसल्या?"

"तोंड धुतोय. आता तोंड धुवायलाही तुला विचारू का?"

दार उघडल्यावर कपाळाला हात लावला. चटका बसावा असा ताप. बॅटरी घेऊन घसा पाहिला आणि बॅटरी बंद करायचंच विसरले. वॉर्डात कधी असं होत नाही, तिथे हात आपोआप चालतात.

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन दिवस. तू लगेच सगळं बंद करून हॉस्पिटलात टाकशील म्हणून नाही सांगितलं."

"बरोबर. तेच करणार आहे."

सकाळची गोळी ओंजळीतून काढून घेतली, स्वेटर चढवला, गाडी बोलावली. रक्ताचा अहवाल यायला तासभरही लागला नाही. ज्या पांढऱ्या पेशी आजाराशी लढतात त्या जवळजवळ संपल्याच होत्या. आणखी एखादा दिवस गेला असता तर साध्या सर्दीनेही त्याला नेलं असतं.

त्याला वेगळ्या खोलीत ठेवलंय. आत जाताना मास्क, हातमोजे, गाऊन. त्या खोलीत मी आयुष्यात कितीतरी वेळा शिरलेय, कोणाकोणाला धीर दिलाय. ह्या वेळी पहिल्यांदाच काचेबाहेर नातेवाईक म्हणून उभी राहिले. कामावरची मुलगी नवीन आहे, मला ओळखत नव्हती. "पेशंटच्या मिसेस कुठे असतात?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बाहेरगावी." "येतायत ना?" मी म्हटलं, "कळवलंय." तिने मान हलवली आणि पुढे गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला.

तापात त्याने तुला हाक मारली. आज सकाळी पेशी थोड्या वाढायला लागल्यात, मॅडम म्हणाल्या, निभावलं. पण ती गोळी आता जन्मात घ्यायची नाही. दुसरा मार्ग काढायचा.

आज मी लाज सोडून लिहितेय. ये, वहिनी. निदान एकदा बघून जा. तो इतका बारीक झालाय की पांघरुणाखाली माणूस आहे हे शोधावं लागतं.

सिस्टर


२० एप्रिल

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनच्या हातातच अक्षर ओळखलं आणि जिन्यातच वाचलं. वर 'सिस्टर' नाही, खाली सही नाही, दोनच वाक्यं. 'चिडतो तेव्हाचं मला माहीत आहे. रक्त ठीक झालं की, शांत असतो तेव्हा तो कसा असतो, ते बघ आणि कळव.'

खोटं कशाला बोलू, थोडं लागलं. मरणाच्या दारातून माणूस परत आला आणि तू त्याची चौकशी न करता मला काम सांगितलंस. आणि हा प्रश्नही मला नीट कळला नाही. शांत माणूस शांतच असणार ना? पण तू विचारलंयस, तर बघेन आणि कळवेन.

त्याला आता किरणांचं औषध दिलंय. एकच कॅप्सूल, पाण्याबरोबर गिळायची. ती ग्रंथीत जाऊन तिला आतून निकामी करते. त्यानंतर काही दिवस त्याच्या जवळ जायचं नाही, त्याची ताटवाटी वेगळी, टॉवेल वेगळा, संडासात दोनदा पाणी ओतायचं. मी आतल्या खोलीच्या दाराशी जेवण ठेवायचे आणि मागे सरकायचे. तो दार उघडून घ्यायचा. मग तो त्याच्या टोकाला खुर्ची टाकायचा, मी माझ्या टोकाला, आणि मध्ये सगळी फरशी. पण काय गंमत बघ, आम्ही भावंडं एवढं कधी बोललोच नव्हतो. वडील गेले तेव्हाचं बोललो. आईला तो कसा फसवून शाळा बुडवायचा ते. एकदा तो इतका हसला की खोकला आला, आणि मी सवयीने उठून पाठीवर हात ठेवायला निघाले, तर तोच ओरडला, "तिथेच थांब!"

ते दिवस संपले तेव्हा मला जरा वाईटच वाटलं.

सिस्टर


६ जुलै

वहिनी,

आता सगळं उलटं झालंय. ग्रंथी पार झोपली. मॅडमनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घाबरले नाही. पंख्याखाली घाम गाळणारा माणूस आता पावसाळ्यातल्या दमट उकाड्यातही मफलर गुंडाळून बसतो. आवाज घोगरा. चेहरा सुजलेला, कातडी कोरडी. एक वाक्य बोलायला एवढा वेळ लावतो की मीच मनातल्या मनात पूर्ण करून टाकते. बसल्या बसल्या झोपतो.

ग्रंथी जे बनवायची ते आता गोळीतून द्यायचं, कायमचं. सकाळी उठल्या उठल्या, उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा नंतर, निदान अर्ध्या तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्याच्या आसपास नाही, नाहीतर पोटात शिरतच नाही. मोजून मापून हळूहळू वाढवायची, घाई केली तर हृदयाला झेपत नाही. वॉर्डात मी हे इतक्यांदा सांगते की झोपेतही सांगेन.

तो इतका गरीब झालाय वहिनी, तुला ओळखू येणार नाही. काल मफलर नीट करत होते तर माझा हात धरून म्हणाला, "तिला सांग, मी तसा नाहीये." मी विचारलं, "मी तिला लिहिते हे तुला कसं कळलं?" तो म्हणाला, "तू टपालाच्या वेळी जिन्यात जाऊन उभी राहतेस."

चिडला नाही. ओरडला नाही. मी म्हटलं, सांगते.

सिस्टर


३ ऑक्टोबर

वहिनी,

रिपोर्ट नॉर्मल! मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "पेढे कोण देणार?" नाडी छान, वजन छान, डोळे पुष्कळ आत गेलेत. आजपासून परत टूलरूममध्ये. हात पुढे करून दाखवला, बोटांवर कागद ठेवला तरी हलेना.

मी पहिल्या तारखेपासून पूर्ण ड्यूटी मागायचं ठरवलंय. आणि तू ये. आधी बघायला ये, मग पुढचं पुढे. पडदे धुतलेत. भिंत नव्याने रंगवून घेतलीय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लवकरच लिहीन, आणि ते चांगलंच असेल.

सिस्टर


१९ ऑक्टोबर

वहिनी,

मागच्या पत्रात ये म्हटलं होतं. तू निघाली नसशील अशी आशा आहे. निघाली असशील तर हे वाच आणि मग ठरव.

सोमवारी मी पूर्ण ड्यूटीचा अर्ज घेऊन मेट्रनबाईंकडे गेले. त्यांनी तो हातात घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"काय गं, तू तर सोडून चाललीयस ना?"

"कोण म्हणालं?"

"तुझ्या भावाचा फोन होता गेल्या आठवड्यात. म्हणाला, ती मनाने फार खचलीय, तुम्हाला सांगायला संकोचते, म्हणून मी सांगतोय, तिचा राजीनामा समजा. इतका सौम्य बोलला की मलाच गलबलून आलं." मग त्या थांबल्या. "मी म्हटलं, राजीनामा तिच्या हातचा पाहिजे. त्यावर म्हणाला, आणून देतो."

बाईंना म्हटलं, माझा अर्ज फाडू नका, मी येते.

घरी आले. दादा कामावरून लवकर आला होता. टेबलाला छोटा शेगडा लावून, म्हणजे तो पकडायचा चाप असतो ना, तो लावून, बिजागरीचा खिळा कानशीने घासत होता. मला बघून उठला, चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला. बशीत एक थेंब सांडला नाही.

"दादा, तू मेट्रनबाईंना फोन केलास?"

"केला."

"काय सांगितलंस?"

"की तुला झेपत नाहीये. खरंच आहे ते. आरशात बघ जरा."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला. "मग उगाच वाद झाला असता. मला शांत राहायला सांगितलंय ना मॅडमनी?"

"मला नोकरी हवीय."

"कशाला? माझं भागतंय. तू असलीस की घर घर वाटतं. कागद लिहून ठेवलाय, सही तेवढी कर. उद्या जाता जाता मीच देईन."

"आणि नाही केली तर?"

"करशील," तो म्हणाला, आणि कानस उचलून परत घासायला लागला. रागाने नाही हं. प्रेमानेच म्हणाला. तेच मला काही सुचू देईना. ओरडला असता तर मला काय करायचं ते ठाऊक होतं: पंखा लावायचा, पाणी द्यायचं, नाडी बघायची. मी सवयीने त्याचं मनगट धरलंच. त्याने सोडवून घेतलं नाही, दुसऱ्या हातातलं काम थांबवून वाट बघत राहिला. नाडी संथ, एकसारखी. हात कोरडा, ना गार ना गरम. नवीन मुलींना शिकवताना मी म्हणते ना, निरोगी नाडी अशी असते, तशी.

मग माझ्या तोंडून गेलं, "वहिनीच्या शाळेत पण तूच फोन केला होतास?"

त्याने जरा आठवल्यासारखं केलं. "तिला सांगून उपयोग नव्हता. रोज दमून यायची. मुख्याध्यापिकाबाई समजूतदार होत्या, लगेच ऐकलं त्यांनी."

आम्हाला सगळ्यांना वाटत होतं तू शाळेतली नोकरी कंटाळून सोडलीस. मी तर तुला म्हणाले होते, बरं झालं, आता आराम कर. तू तेव्हा पोळपाट पुसत होतीस, पुसतच राहिलीस. वहिनी, ते तुमच्या लग्नाचं पहिलं वर्ष होतं. दादा तेव्हा चांगला गरगरीत होता, त्याच्या पॅण्टचे हूक आपण दोघी मिळून पुढे सरकवून देत होतो. गाढ झोपायचा. ग्रंथी बिचारी गप्प होती.

तर तू विचारलं होतंस, त्याचं हे उत्तर. शांत असतो तेव्हा तो असा असतो. आवाज चढत नाही, हात थरथरत नाही, आणि समोरच्या माणसाचं आयुष्य परस्पर उरकून टाकतो. ताट फेकलं तेव्हा तो आजारी होता, हे मी आजही म्हणेन. ते बरं झालं. हा आजार नव्हताच, तर मॅडम तरी काय बरं करणार?

फेब्रुवारीत माझ्या मनगटाला लागलं ते कपाटाचं दार नव्हतं, सुपाचा वाडगा होता. तुला वाचतानाच कळलं असेल. पण तो वाडगा मी सहज माफ केला. हा चहाचा कप काही केल्या माफ होत नाही.

मंगळवारी सकाळी त्याला म्हटलं, आजपासून गोळी तू स्वतः काढून घे, मी बघते. त्याने काढली, पाण्याबरोबर घेतली. चहा कधी प्यायचा, रक्त परत कधी तपासायचं, छातीत धडधडलं किंवा फार थंडी वाजायला लागली तर कुठे यायचं, सगळं त्याच्याकडून वदवून घेतलं. एकही चूक नाही. मग बॅग उचलली. "जाशील आणि येशील," म्हणाला, आणि खाली पोचवायलाही आला. माझी बॅग त्याने जिन्यातून उचलून आणली, वहिनी. गाडीत ठेवली. वाकून आत बघत म्हणाला, "पोचलीस की फोन कर."

ये ये म्हणून मी इतकी पत्रं लिहिली, ती मागे घेते. आणि ती सगळी त्याच्यासाठी नव्हती. त्या घरात मला कोणीतरी हवं होतं, दुपारचं बोलायला. ते त्याच्या आजाराच्या नावावर मागत राहिले.

सिस्टर


३० नोव्हेंबर

वहिनी,

हॉस्टेलातली माझी जुनी खोली एका नव्या मुलीला गेली. मला चादरींच्या कोठाराशेजारची मिळालीय, लांबट, एका बाजूला उंचावर खिडकी. धुतलेल्या कपड्यांचा वास येतो, तो मला आवडतो. संध्याकाळी ड्यूटीवरून आले की बूट काढते आणि जरा वेळ नुसती बसते. पलीकडे कोणाचा तरी रेडिओ लागतो. कोणाची नाडी बघायची नसते, कोणाचे थेंब घालायचे नसतात. पहिले काही दिवस हातांना काय करावं तेच कळेना.

पूर्ण ड्यूटी मिळाली. वॉर्डात सध्या एक बाई आहेत, बऱ्याच वर्षांच्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा चंद्रासारखा गोल झालाय. त्या लाजेने गोळ्याच बंद करून बसल्या आणि चक्कर येऊन पडल्या. त्यांना रोज समजावते की ही गोळी एकदम कधी सोडायची नसते, शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं. काल त्या म्हणाल्या, "तुम्हाला घरी कोणी आहे का हो, तुम्ही कधी घाईत नसता." मी म्हटलं, "म्हणून तर तुमच्याशी बोलायला वेळ मिळतो." दोघी हसलो.

आज बाह्यरुग्ण विभागात माझी पाळी होती. दादा आला. रक्त तपासायची तारीख त्याने चुकवली नाही. रांगेत बसला, टोपी मांडीवर, नवा शर्ट. मी सगळ्यांना नेहमीप्रमाणे सांगत होते, गोळी उपाशी पोटी, चहा नंतर. तो मान हलवत होता, जणू पहिल्यांदाच ऐकतोय. मग त्याची पाळी आली.

"गोळी वेळेवर घेता ना?" मी विचारलं.

"मला 'घेता' म्हणतेस?"

"इथे सगळ्यांनाच म्हणते."

त्याने हात पुढे केला. नाडी मोजली, वजन घेतलं, लिहिलं. सगळं चांगलं आहे. भरल्या घरातल्या माणसासारखा दिसत होता. वजनकाट्यावरून उतरताना त्याने हळूच विचारलं, "तिची पत्रं येतात का तुला?"

"येतात."

"काय लिहिते?"

"माझ्याबद्दल विचारते. कशी आहेस, काय जेवतेस, खोली कशी आहे, असं."

तो आणखी काही ऐकायला थांबला. मी पुढच्या तपासणीची तारीख त्याच्या कागदावर लिहून दिली. त्याने कागदाची नीट घडी घातली, टोपी चढवली आणि गेला. बाहेरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्याने हात देऊन उठवलं, तेही मी पाहिलं. ते तसं करतोच तो, लहानपणापासून.

वहिनी, मी खोटं बोलले. त्या कार्डानंतर तुझं एकही अक्षर आलेलं नाही, आणि त्या कार्डातही तू माझ्याबद्दल काही विचारलं नव्हतंस. का विचारावंस? पण ते म्हणताना मला फार बरं वाटलं. इतकं की पुढच्या पेशंटला आत बोलवायला जरा उशीर झाला.

पत्राला उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. पण कधी विचारलंसच, तर सांगण्यासारखं आता थोडंफार आहे.